छोट्या कुत्र्याचे ताट आणि पाकिटावरचे टक्के

पूर्वी दारात साखळीला बांधलेला राखणदार कुत्रा असे. त्याला उरलेली भाकरी, ताक, कधी मटणाचे हाड मिळे आणि उरलेले तो गावभर फिरून मिळवी. आता आपल्या लहान गावांतही चित्र बदलले आहे. सोफ्यावर बसणारा, टीव्ही पाहणारा, तीन ते सात किलो वजनाचा पॉमेरियन, पग, डॅशहंड किंवा शिह-त्झू घराघरांत दिसतो. (आपल्याकडे पॉमेरियन म्हणून मिळणारे बहुतेक कुत्रे खरे म्हणजे इंडियन स्पिट्झ असतात, पण आहाराच्या दृष्टीने त्याने फारसे बिघडत नाही.) हा प्राणी गावभर फिरत नाही. त्याच्या पोटात जे जाते ते सगळे आपल्या हातून जाते, म्हणून या आरोग्याच्या सदरात आज माणसांऐवजी त्याच्याविषयी लिहीत आहे.

दुकानात गिऱ्हाईक पाकीट हातात घेते आणि पहिला प्रश्न विचारते, ‘यात प्रोटीन किती टक्के?’ आकडा जितका मोठा तितके खाद्य चांगले, असा एक समज पक्का झाला आहे. दुकानदारही मग जास्त टक्क्यांचे आणि अर्थातच जास्त किमतीचे पाकीट पुढे सरकवतो. दुसरीकडे घरातली वडीलधारी मंडळी असतात. त्यांच्या मते अंडे आणि चिकन ‘उष्ण पडते’, केस गळतात, किडनी खराब होते. दूध-पोळीसारखे सात्त्विक अन्न नाही. या दोन पक्षांत घरोघरी वाद चालतो आणि तो चालू असताना कुत्रा दोन्ही पक्षांच्या हातून खात असतो.

माझे मत विचाराल तर दोन्ही पक्षांचा हिशेब चुकतो. लहान कुत्र्याच्या बाबतीत प्रथिनांना घाबरण्याचे कारण नाही, तशी त्यांची पूजाही करायला नको. आधी विचारायचा प्रश्न आहे तो चरबीचा, आणि त्याहूनही आधी, एकूण किती ग्रॅम, हा. ते मोजायला घरात एक लहान वजनकाटा लागतो. शे-दोनशे रुपयांच्या आहारपूरक पावडरी आपण सहज घेतो, काटा मात्र घेत नाही.

सहापट वजन, चौपट अन्न

पाच किलोच्या कुत्र्याला नुसते जगण्यासाठी, म्हणजे श्वास, रक्ताभिसरण, शरीराची ऊब यांसाठी दिवसाला सुमारे २३५ कॅलरी लागतात. घरात राहणारा, नसबंदी झालेला, दोन वेळा गल्लीत फिरून येणारा असा तो असेल तर दिवसाची एकूण गरज साधारण ३३० ते ३७५ कॅलरी. सोयीसाठी ३५० धरू. तीस किलोच्या लॅब्रॅडोरला त्याच हिशेबाने चौदाशेच्या आसपास लागतात. वजन सहापट, पण अन्न जेमतेम चौपट. म्हणजे किलोमागे पाहिले तर लहान कुत्र्याला मोठ्यापेक्षा जास्त लागते. त्याच्या अंगाची ऊब लवकर निघून जाते, त्याचे यंत्र जरा जोरात चालते. पण एकूण आकडा पाहिला तर तो इतका लहान आहे की आपल्या हाताला त्याचा अंदाजच येत नाही.

एक चहाचा चमचा तूप घ्या. पाच ग्रॅम, म्हणजे ४५ कॅलरी. माणसाच्या दोन हजार कॅलरींत ते कुठे गेले हे कळतही नाही. पाच किलोच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या अन्नाचा मात्र तो आठवा भाग झाला. आजी जेव्हा ‘अगं, एवढंसंच तर तूप लावलंय पोळीला’ म्हणतात, तेव्हा आपल्या मापाने तो पाच-साडेपाच चमचे तुपाचा खुराक असतो. ग्लुकोजचे बिस्किटही तसेच. एका बिस्किटात वीसेक कॅलरी असतात, प्रथिने नावापुरती. सकाळच्या चहाबरोबर दोन, संध्याकाळी दोन, पाहुणे आले की ‘शेकहँड’ करून दाखवल्याबद्दल आणखी दोन. सहा बिस्किटांत दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा संपला, आणि घरच्यांच्या लेखी त्याने ‘काहीच खाल्लेले नाही’. वरखाऊ म्हणून दिवसाच्या कॅलरींपैकी दहा टक्क्यांहून जास्त देऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. पाच किलोच्या कुत्र्याला म्हणजे दीड बिस्किट, आणि त्या दिवशी तूप नाही.

लहान जातींच्या पिल्लांचे गणित थोडे वेगळे. त्यांच्या यकृतात साखरेचा साठा इतका कमी असतो की पाच-सहा तासांच्या उपवासानेही रक्तातली साखर खाली येऊन पिल्लू लटपटू लागते. त्यांना दिवसातून चार वेळा खायला द्यावे.

पाकीट कसे वाचावे

पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत चार आकडे असतात. क्रूड प्रोटीन, क्रूड फॅट, क्रूड फायबर आणि मॉइश्चर, म्हणजे प्रथिने, स्निग्धांश, चोथा आणि पाणी. गोंधळ होतो तो शेवटच्या आकड्याकडे कोणी पाहत नाही म्हणून.

कोरड्या दाणेदार खाद्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असते, ग्रेव्हीच्या पाऊचमध्ये ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त. कोरड्या पाकिटावर प्रथिने २२ टक्के आणि पाऊचवर ८ टक्के लिहिलेले पाहून गिऱ्हाईक म्हणते, पाऊचमध्ये काही दम नाही, नुसते पाणी. पण तुलना पाणी वजा करून करायची असते. कोरड्या खाद्यात शंभरातले दहा भाग पाणी गेले, उरले नव्वद. २२ ला ९० ने भागून शंभरने गुणले की २४.४ टक्के. पाऊचमध्ये ऐंशी भाग पाणी गेले, उरले वीस. ८ ला २० ने भागून शंभरने गुणले की ४० टक्के. स्निग्धांशाचेही तसेच. पाऊचवरचे ३ टक्के दिसायला किरकोळ, पण पाणी वजा केल्यावर ते १५ टक्के होतात. कोरड्या पाकिटावरचे १० टक्के होतात ११. ‘कमी चरबीचे’ म्हणून पाऊच देणाऱ्याने हे एकदा कागदावर मांडून पाहावे. याचा अर्थ पाऊच वाईट असा नाही. ऐंशी ग्रॅमच्या पाऊचमध्ये एकूण सुका भाग सोळाच ग्रॅम आणि कॅलरी साधारण सत्तर, त्यामुळे एक पाऊच म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याचे पाचव्या हिश्शाचे जेवण. भूक भागत नाही, म्हणून मग त्यात पोळी कुस्करली जाते आणि सगळे प्रमाणच बदलते.

अमेरिकेत पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची आफ्को नावाची संघटना आहे, तिचे निकष जगभर वापरले जातात. पाणी वजा करून, प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात किमान १८ टक्के प्रथिने आणि साडेपाच टक्के स्निग्धांश हवेत. वाढत्या पिल्लाच्या किंवा गाभण कुत्रीच्या खाद्यात किमान साडेबावीस आणि साडेआठ. बाजारातले बहुतेक नामांकित कोरडे खाद्य या रेषेच्या वर असते. मग २४ च्या ऐवजी ३२ टक्के घेतल्याने काय होते? तरुण, निरोगी कुत्र्यात फारसे काही होत नाही. शरीराला लागतात तितकी प्रथिने वापरली जातात, जास्तीची जाळून ऊर्जा केली जाते किंवा तिची चरबी बनते, आणि त्यातला नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडतो. साठवून ठेवण्याची सोय नाही. पैसे मात्र गेलेले असतात.

शिवाय तो टक्का म्हणजे नेमके काय हेही जाणून घेतले पाहिजे. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत. खाद्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन मोजण्याची ही पद्धत डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडली आणि ती आजही चालते. पण यंत्राला नायट्रोजन कोंबडीच्या छातीतला की पिसातला हे कळत नाही. पिसे म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिने, पण कुत्र्याला ती तशीच पचत नाहीत. २००७ च्या मार्चमध्ये अमेरिका आणि कॅनडात कुत्र्या-मांजरांच्या खाद्याची कोट्यवधी पाकिटे बाजारातून परत मागवावी लागली, ती यामुळेच. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले निघाले. आपल्या घरात ज्याच्या प्लेटा असतात तेच हे मेलामाइन. त्यात नायट्रोजन भरपूर, म्हणून चाचणीत प्रथिनांचा आकडा फुगतो. अनेक कुत्री आणि मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. पुढच्या वर्षी चीनमध्ये लहान मुलांच्या दूध पावडरीत तीच भेसळ सापडली. तेव्हा नुसत्या टक्क्यावर भाळू नये. घटकांच्या यादीत पहिल्या दोन-तीन नावांत चिकन, मासे, अंडी असे काही ओळखीचे आहे का ते पाहावे.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. प्रथिनांच्या आणि स्निग्धांशाच्या आकड्यापुढे ‘मिन.’ लिहिलेले असते, म्हणजे किमान. चरबी १० टक्के याचा अर्थ दहाहून कमी नाही, इतकाच. ती बारा असू शकते, चौदाही असू शकते. ज्याला चरबी सोसत नाही अशा कुत्र्याच्या मालकाने हे ‘मिन.’ ध्यानात ठेवावे.

दूध-पोळीचा हिशेब

आता दुसरा पक्ष. दोन पोळ्या आणि दीडशे मिलिलिटर म्हशीचे दूध, हा आपल्याकडचा ठरलेला आहार. दोन पोळ्यांना साठ ग्रॅम कणीक धरली तर दोनशे कॅलरी आणि साडेसहा-सात ग्रॅम प्रथिने. दुधातून दीडशे कॅलरी आणि साडेपाच-सहा ग्रॅम प्रथिने. पाच किलोच्या कुत्र्याच्या कॅलरी पुऱ्या झाल्या. प्रथिने बारा-तेरा ग्रॅम. वरच्या निकषाने त्याला सोळा ग्रॅमच्या आसपास हवीत. म्हणजे पोट भरले, वजनही भरले, आणि प्रथिने कमीच राहिली. त्यावर चार बिस्किटे दिली की कुत्रा लठ्ठ होतो. लठ्ठ आणि तरीही कुपोषित, असे कुत्रे मी दर आठवड्याला पाहतो. केस निस्तेज, पाठीवर कोंडा, मांड्या पातळ आणि पोट मात्र गोल. घरचे सांगतात, खातो तर भरपूर! पॉमेरियनच्या अंगावरचा तो भरगच्च कोट जवळजवळ संपूर्ण प्रथिनांचाच असतो, आणि तो घडवायला रोजच्या प्रथिनांतला मोठा वाटा खर्च होतो. प्रथिने तोडून केस राखणे म्हणजे विटा न आणता भिंत बांधणे होय. अंड्याने केस गळत नाहीत. केस गळण्यामागे ऋतुमानाप्रमाणे होणारी पानगळ असते, गोचिडी-पिसवा असतात, कातडीचा विकार किंवा थायरॉइड असते; ते तपासून घ्यावे.

पोळी म्हणजे विष असेही नाही. हल्ली ‘कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य चालतच नाही’ असे सांगणारा एक नवा पंथ निघाला आहे. स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षे काढल्यावर तो बदलला आहे. शिजवलेला भात, ज्वारी, गहू त्याला पचतात. फक्त ताटाचा मोठा भाग त्यांनी व्यापू नये.

घरचेच अन्न द्यायचे तर एक पोळी कमी करा आणि एक उकडलेले अंडे द्या. अंड्यात सत्तर कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि ती कुत्र्याला लागणाऱ्या दहाही आवश्यक अमिनो आम्लांसह येतात. कातडी काढून उकडलेल्या पन्नास ग्रॅम चिकनमधून पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात, चरबी जेमतेम दोन ग्रॅम. मात्र रस्सा नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी मोडतात. तसेच बेदाणे आणि द्राक्षे यांनी मूत्रपिंडे बिघडू शकतात, म्हणून सत्यनारायणाचा शिरा त्याच्यापुढे ठेवू नये. नुसते मांस-भातही अपुरे पडते, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. केवळ कलेजी-भातावर वाढवलेली पिल्ले वाकड्या पायांनी येतात. घरच्या आहाराला कॅल्शियम आणि इतर क्षार किती जोडायचे ते वजन पाहून पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावे.

शाकाहारी कुटुंबांना यात अवघडल्यासारखे वाटते. त्यांना कुत्र्यासाठी घरात मांस शिजवा असा आग्रह मी करत नाही. मांजरासारखे कुत्र्याचे नसते. नीट आखलेल्या शाकाहारावर तो जगू शकतो, तसे तयार खाद्यही बाजारात मिळते. पण ‘नीट आखलेला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वरणाचे पाणी आणि भात म्हणजे शाकाहार नव्हे, ती उपासमार आहे. साय काढलेल्या दुधाचे पनीर, घट्ट दही, घट्ट शिजवलेली मूगडाळ यांचा हिशेब करावा लागतो, आणि साध्या पनीरमध्ये प्रथिनांइतकीच किंवा थोडी जास्तच चरबी असते हेही पाहावे लागते. धर्म सांभाळणाऱ्या घराने वजनकाटाही इतरांपेक्षा अधिक सांभाळावा, इतकेच माझे म्हणणे.

फुकट मिळणारी कातडी

चरबी वाईट नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे तिच्यातूनच शोषली जातात. लिनोलेइक आम्ल नावाचे एक स्निग्ध आम्ल कुत्र्याचे शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागते, नाही तर कातडी कोरडी पडते. पण त्यासाठी पाच किलोच्या कुत्र्याला करडईच्या तेलाचा पाव ते अर्धा चमचा पुरतो, आणि चांगले तयार खाद्य देत असाल तर तोही लागत नाही.

अडचण येते ती चिकनच्या दुकानात. ‘कुत्र्यासाठी’ म्हटले की दुकानदार कातडी, चरबी, मुंड्या, पंजे पिशवीत भरून देतो, बहुधा फुकट. घरच्यांना वाटते, मांस म्हणजे प्रोटीन. कोंबडीच्या कातडीत वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा चरबी असते. मटणाच्या चरबीचा पन्नास ग्रॅमचा, म्हणजे दोन घासांचा तुकडा पाच किलोच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या कॅलरी एका दमात पुरवतो. आणि प्रश्न नुसत्या लठ्ठपणाचा नाही. असे अचानक जड, तेलकट जेवण मिळाले की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. अन्न पचवणारे रस आतड्यात जाऊन जागे व्हायचे, ते स्वादुपिंडातच जागे होतात आणि त्या इंद्रियालाच पचवू लागतात. लहान जातींत, लठ्ठ कुत्र्यांत, आणि ज्यांच्या रक्तात मुळातच स्निग्ध द्रव्ये जास्त असतात त्यांच्यात हा धोका अधिक. मिनिएचर श्नाउझर ही जात त्यासाठी प्रसिद्धच आहे, यॉर्कशायर टेरियरमध्येही हा विकार पुष्कळ दिसतो.

गटारीच्या, दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे रुग्ण येतात. एका शिक्षकांच्या घरची आठ वर्षांची पॉमेरियन कुत्री अशीच आणली होती. सहा किलोची असायला हवी ती नऊ किलोची झालेली. आषाढ अमावास्येला घरातल्या चौघांनी आपापल्या ताटातली मटणाची चरबी तिला घातली; प्रत्येकाला वाटले आपण एकट्यानेच दिली. रात्रीपासून उलट्या. पित्त झाले असेल म्हणून दोन दिवस घरीच ठेवली, मध्ये ताक पाजले. आणली तेव्हा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरून उभी राहत होती. पोटात असह्य दुखले की कुत्रे असे उभे राहते, नमस्कार घातल्यासारखे. सलाइन, वेदनाशामक, उलट्यांवरची औषधे सगळे झाले, पण चौथ्या दिवशी ती गेली. ‘ताटाकडे बघत बसायची हो, मन होत नव्हतं नाही म्हणायला,’ असे आजोबा पुन्हा पुन्हा सांगत होते. त्या घरात मायेची कमतरता अजिबात नव्हती.

वेळेवर आणलेली कुत्री बहुतेक वाचतात. रक्ताची तपासणी करून निदान होते. वारंवार उलट्या, खाणे पूर्ण बंद, पोटाला हात लावू न देणे, ती नमस्काराची अवस्था, यांपैकी काहीही दिसले तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. एकदा हा आजार होऊन गेलेल्या कुत्र्याला पुढे कायम कमी चरबीचे खाद्य लागते. अशा वेळी पाकिटावर प्रथिने किती हे दुय्यम असते.

किडनीची भीती

‘जास्त प्रोटीनने किडनी जाते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याला वेगळी जागा द्यावी लागली. निरोगी मूत्रपिंडे प्रथिनांनी खराब होत नाहीत. ती आधीच खराब झाली असतील तर आहार बदलावा लागतो, आणि तिथेही पहिला शत्रू फॉस्फरस असतो. प्रथिने किती कमी करायची ते आजाराच्या टप्प्यावर ठरते. म्हातारा झाला म्हणून दहा-बारा वर्षांच्या पॉमेरियनचे अंडे बंद करणे तर अगदीच उलटे. वयाबरोबर स्नायू झिजतात, त्यामुळे निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याला तरुणाइतकी, किंबहुना थोडी जास्त आणि चांगल्या प्रतीची प्रथिने लागतात. कमी करायच्या त्या कॅलरी. रक्त-लघवी तपासल्याशिवाय ‘वय झालं’ एवढ्या कारणाने कोणी प्रथिने तोडायला सांगितले, तर कारण विचारावे.

पोते आणि सुटे

लहान कुत्र्याच्या मालकाने फसावे अशा आणखी दोन-तीन जागा आहेत. पिल्लाचे खाद्य ते पिल्लू मोठे झाले तरी चालूच राहते, कारण त्याला ते आवडते. ते आवडणारच. लहान जातींच्या पिल्लांसाठीच्या काही खाद्यांत स्निग्धांश सोळा ते वीस टक्के असतात. तेवढ्याच वाटीतून रोज पन्नासेक कॅलरी जास्त जातात आणि वर्षाअखेर पगला जिना चढवत नाही. लहान जातींची वर्षाच्या आत वाढ पूर्ण होते. त्यानंतर आठवडाभरात थोडे थोडे मिसळत प्रौढांच्या खाद्यावर यावे.

दुसरे, मोठे पोते स्वस्त पडते. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला नव्वद ग्रॅम कोरडे खाद्य पुरते. तीन किलोचे पाकीट महिनाभर जाते. दहा किलोचे पोते संपायला जवळपास चार महिने लागतात, आणि एकदा उघडल्यावर त्यातली चरबी हवेने खवट होत जाते. पावसाळ्यात बुरशीची भीती वेगळीच. लॅब्रॅडोरवाल्याला जे परवडते ते पॉमेरियनवाल्याला महागात पडते.

तिसरे म्हणजे सुटे खाद्य. पोते उघडून किलो-अर्धा किलोने पारदर्शक पिशवीत बांधून देण्याची पद्धत आपल्या बाजारपेठेत सर्रास आहे. त्या पिशवीवर कंपनीचे नाव नसते, तारीख नसते, टक्के नसतात. ते पिल्लाचे की मोठ्याचे हे दुकानातल्या पोऱ्याच्या आठवणीवर असते. सुटी विक्री बंद व्हावी, आणि प्रत्येक पाकिटावर शंभर ग्रॅममागे कॅलरी ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्तात घेणाऱ्या गरीब गिऱ्हाइकाचे काय, असे दुकानदार विचारतात. त्याच्यासाठी अर्धा किलोची सीलबंद पाकिटे निघतात, ती ठेवावीत.

कमी खाल्ल्याने कुत्रा अशक्त होईल ही भीती काढून टाकायला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून एकाला नेहमीचे आणि दुसऱ्याला त्याच्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणारे मध्यमानाने १३ वर्षे जगले, भरपूर खाणारे ११.२ वर्षे. सांधेदुखीही पहिल्यांना उशिरा आली. हा प्रयोग मोठ्या जातीवरचा आहे हे खरे. पण डॅशहंडची पाठ, पॉमेरियनच्या गुडघ्याची घसरणारी वाटी आणि चपटी होणारी श्वासनलिका, पगचा श्वास, या सगळ्यांवर जादा वजनाचा भार पडतोच. पाच किलोच्या कुत्र्याचे अर्धा किलो वाढणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो वाढणे.

केसाळ कुत्र्यात हे डोळ्यांना दिसत नाही, हाताने पाहावे लागते. स्वतःची मूठ आवळा आणि बोटांच्या सांध्यांवरून हात फिरवा; बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा फार बारीक आहे. हात सरळ पसरून त्याच्या पाठीवरून बोटे फिरवा. तशा लागल्या तर वजन योग्य. तळव्यासारखे मऊ लागले आणि बरगडी शोधावी लागली तर लठ्ठ. लठ्ठ असेल तर आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे सहा किलोच्या कुत्र्याचे साठ ते सव्वाशे ग्रॅम कमी झाले तर बेताचे समजावे. घरच्या उभे राहायच्या काट्यावर एवढा फरक कळत नाही. दवाखाना लांब असेल तर किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा उत्तम. पाटीत चादर घालून कुत्र्याला बसवावे आणि पाटीचे वजन वजा करावे. ओळखीचा दुकानदार नाही म्हणत नाही. फक्त सकाळी, त्याच्याकडे गर्दी व्हायच्या आत जावे.